सालामांका: वर्ग सुरू झाले, आणि एका विषयाचा पेच

अनुस्वार (धागाकर्ती)

मंडळी, मागे व्हिसाच्या धाग्यावर तुम्ही सगळ्यांनी हात दिलात, तेव्हा पोचल्यावर लिहीन असं कबूल केलं होतं. नव्या मंडळींसाठी: मी पुण्यात बी.ए. करतेय, स्पॅनिशची बी२ पातळी झालीये, आणि वर्षभरासाठी सालामांका विद्यापीठात आलेय. घरचे गणपती झाले आणि निघाले. गेल्या सोमवारी वर्ग सुरू झाले. घाईत असाल तर सरळ शेवटचा परिच्छेद वाचा, प्रश्न तिथे आहे.

विद्यापीठ १२१८ सालचं, स्पेनमधलं आजही चालू असलेलं सगळ्यात जुनं. आमचा विभाग आनाया नावाच्या वाड्यात भरतो. समोर चौक, चौकापलीकडे 'नवं' कॅथेड्रल. नवं म्हणजे बांधकाम १५१३ला सुरू झालेलं. जुनं त्याला चिकटून उभं आहे. नव्याच्या एका दारावर दगडात अंतराळवीर कोरलाय, तो मात्र १९९२च्या डागडुजीतला. त्याच्यासमोर कायम पर्यटकांचा घोळका, आणि आम्ही दप्तरं सांभाळत त्यातून वाट काढतो.

पहिला तास नऊचा. सप्टेंबरात इथे आठच्या सुमारास उजाडतं, कारण स्पेनचं घड्याळ १९४०पासून मध्य युरोपच्या वेळेवर लावलेलं आहे आणि सूर्य बिचारा आपल्या जागी. अकराला सगळे कॅन्टीनमध्ये: कॉफी, टोमॅटो चोळलेला टोस्ट, नाहीतर बटाट्याच्या जाड ऑम्लेटचा तुकडा. दोनला सकाळचे वर्ग संपतात, मग जेवण, चारला पुन्हा वर्ग. दोन ते पाच बरीचशी दुकानं बंद. रात्रीचं जेवण साडेनऊला. आई झोपण्याआधी फोन करते तेव्हा इथे सात वाजलेले असतात. 'जेवलीस का' याला रोज तेच उत्तर: अजून अडीच तास आहेत. मला मात्र बाराला भूक लागते. फ्लॅटमधल्या बाकीच्या तिघी त्या वेळी स्वयंपाकघराकडे फिरकतही नाहीत, त्यामुळे चारही शेगड्या माझ्या.

पहिल्या आठवड्यात शिकवणं थोडं आणि ओळखपाळख जास्त. प्रत्येक विषयाची 'ग्वीया दोथेन्ते' असते: अभ्यासक्रम, पुस्तकं, गुणांची विभागणी, शिक्षकांना भेटायचे तास, सगळं त्यात. ती पडद्यावर लावून एकेक कलम वाचलं जातं आणि वीस-पंचवीस मिनिटांत वर्ग सुटतो. दुसऱ्या तासापासून खरा प्रकार. बाई आल्या, पिशवी टेबलावर ठेवता ठेवताच बोलायला लागल्या, आणि तास संपेपर्यंत श्वास घेतला की नाही कोण जाणे.

भाषेच्या क्लासमध्ये ध्वनिफितीतली माणसं एका वेळी एकच जण बोलतात. इथे बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, मागचे दोघं आपसात बोलतात, कुणीतरी हात वर न करता प्रश्न टाकतं, त्याचं उत्तर देताना बाई कुठल्यातरी मालिकेतलं काहीतरी सांगतात आणि वर्ग हसतो. सगळ्यांचं हसून झालं की मला कळतं, विनोद झाला.

पोरं नोट्स घेतात ते बघण्यासारखं आहे. अर्धी लॅपटॉपवर, अर्धी सुट्या कोऱ्या कागदांवर. 'के' या शब्दाऐवजी नुसतं एक अक्षर, आणि 'पोर' हा स्पॅनिश शब्द लिहायचा असेल तिथे गुणिलेची फुली, कारण गुणाकारातही ते 'पोर'च म्हणतात. शेजारी बसणारी मुलगी थामोरा या जवळच्या गावची. तिनं आपल्या कागदांचे फोटो न मागता पाठवले. ते उलगडण्यात माझी संध्याकाळ गेली. फळ्यावरचा १ इतक्या लांब शेंडीचा असतो की तो सात वाटतो, आणि साताच्या पोटात आडवी रेघ मारतात तेव्हा कुठे फरक कळतो.

शिक्षकांना पहिल्या नावानं हाक मारायची आणि 'तू' म्हणायचं. सर नाही, मॅडम नाही. माझी जीभ वळत नाही. सध्या मी नाव टाळून, थेट क्रियापदापासूनच वाक्य सुरू करते.

आता प्रश्न. या सत्रात माझे पाच विषय आहेत, प्रत्येकी ६ क्रेडिट, मिळून ३०. त्यातला एक मध्ययुगीन साहित्याचा. तिथे बाकी वर्गांपेक्षाही कमी कळतं, कारण वाचायचंच मुळी तेराव्या-चौदाव्या शतकातलं. विषय बदलायची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत. त्याऐवजी विसाव्या शतकातल्या कथांचा विषय मिळू शकतो, आणि पुण्याच्या कॉलेजची हरकत नाही. बदलू का?

---

खडकवासला_एक्सप्रेस

धागा झकास. फोटोंशिवाय प्रवासवर्णन म्हणजे गुन्हा आहे, एवढं बोलून खाली बसतो.

---

जुनाजाणता

बाळ, बदल. विचार करू नकोस.

मी माद्रिदला होतो तेव्हा पेसेता चालायचा. युरोच्या नोटा आल्या २००२च्या जानेवारीत, त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. घरी फोन करायचा तर टपरीवर नाणी घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि नाणी संपत आली की आई नेमकी मुद्द्यावर यायची. तुम्हा लोकांना निदान वर्गातल्या मुलीकडून फोटो येतात.

पहिल्या सत्रात स्वतःचे हाल करून घ्यायचे नसतात. कान उघडायला वेळ लागतो, आणि तो उघडतो तेव्हा कळतही नाही. मला बसमधल्या दोन म्हाताऱ्यांचं भांडण अथपासून इतिपर्यंत समजलं त्या दिवशी मी उतरायचा थांबा सोडून पुढे गेलो. तोवर सोपे विषय घे, पुढच्या बाकावर बस आणि आधुनिक गद्य वाच. जुनं साहित्य पळून जात नाही.

---

मीठभाकर

काकांशी अर्धी सहमत.

मी ग्रानादाला पीएचडी करतेय. आधी हे सांगते की सालामांका म्हणजे तुझी चैन आहे. तिथली माणसं निदान शब्दाच्या शेवटापर्यंत पोचतात. आमच्या आंदालुसियात शेवटचा 'स' गळून पडतो, मधला 'द'सुद्धा. पहिल्या आठवड्यात बसचालकानं मला काय सांगितलं ते आजतागायत माहीत नाही, मी आपली हसून बसले.

आता मुद्द्याचं. ६ क्रेडिट म्हणजे तिथला हिशेब धरला तर सुमारे दीडशे तासांचं काम. त्यातले वर्गातले फार तर साठ. उरलेले तू एकटी, टेबल आणि पुस्तक. त्या तासांत कुणी फळ्याकडे तोंड करून भराभर बोलत नसतं. तेव्हा 'वर्गात कळत नाही' एवढ्यावर विषय सोडू नकोस. घरी बसून वाचलेलं कळतंय का, ते बघ. तेही कळत नसेल तर सोड.

आणि मुदतीच्या आत त्या बाईंच्या 'तुतोरीया'ला जा. भेटीचे तास नुसते कागदावर नसतात, शिक्षक दार उघडं ठेवून बसलेले असतात आणि परीक्षा जवळ येईपर्यंत बहुतेकदा कुणी येत नाही. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी भानगड झालेली असते, ते डोक्यातून काढ. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारून घे, न विचारता करणं तिथे फार खटकतं.

गुणांचंही आत्ताच ऐकून ठेव. १०पैकी ५ला पास, ७पासून 'नोताब्ले', ९पासून 'सोब्रेसालिएन्ते'. साडेसात मिळाले म्हणून पुण्यातल्या हिशेबानं तोंड पाडून बसू नकोस, इथे ते चांगले समजतात.

---

शेंगदाणा

बार्सिलोनाहून हजेरी. इथे येणाऱ्यांसाठी एक इशारा धाग्यातच नोंदवून ठेवतो: ग्वीया दोथेन्तेमध्ये विषयाची भाषा दिलेली असते, ती नीट बघा. स्पॅनिश शिकून आलेला मुलगा पहिल्या तासाला बसतो आणि तास कातालानमध्ये सुरू होतो. माझा मास्टर्स इंग्रजीत आहे म्हणून मी वाचलो, पण सोबतच्या एका मुलानं त्याच आठवड्यात गट बदलून घेतला. वलेन्सिया, गालिथिया, बास्क भागातही तिथली-तिथली भाषा वर्गात असू शकते. भडकून उपयोग नाही. तमिळनाडूत जाऊन हिंदीत का शिकवत नाही म्हणून विचारण्यासारखं आहे ते.

शिवाय २४ सप्टेंबरला इथे ला मेर्सेची, म्हणजे शहराच्या उत्सवाची सुट्टी. वर्ग सुरू होऊन श्वास घेतोय तोवर सगळं शहर रस्त्यावर, आणि माणसांचे मनोरे चढतायत. दहीहंडी बघितलेल्या माणसाला तोंडात बोट घालायचं काही कारण नाही, पण ही लोकं चढलेला मनोरा तितक्याच शिस्तीत उतरवतात, ते बघण्यासारखं.

---

कोकम_सरबत

विषय गेला उडत, मुलगी जेवते काय ते कुणी विचारलं का? अनुस्वार, तू शाकाहारी आहेस ना? माझ्या भावाला तिकडे 'मांस नको' सांगितल्यावर वर खामोन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, भुरभुरून आणून दिलं होतं. त्यांच्या लेखी ते मांसात मोडत नाही म्हणे.

---

अनुस्वार

मोडत नाही, खरंच! 'मांस नको' एवढं म्हटलं तर डुकराचं आणि मासळी दोन्ही येऊ शकतं. 'एन्सालादा मिक्स्ता' मागवलं तर त्यावर ट्यूना. मसुराची आमटी छान दिसते आणि तळाशी चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, निघतो. म्हणून मी आता पूर्ण यादीच म्हणते: मांस नाही, मासे नाहीत, खामोन नाही. अंडं खाते, त्यामुळे बटाट्याच्या ऑम्लेटवर निभावतं.

घरी मात्र मजेत आहे. सालामांकाजवळच्या आर्मुन्या भागातली मसूर इथे नावाजलेली, ती सुपरमार्केटमध्ये मिळते. छोले सगळीकडे. छोल्यांचं पीठ शोधलं आणि पिठलं जमलं. जिरं मिळतं. तिखटाऐवजी शेजारच्या प्रांतातलं पिमेन्तोन वापरतेय, धुरावर वाळवलेल्या मिरचीचं, त्यामुळे माझ्या पिठल्याला चुलीचा वास येतो. फ्लॅटमधल्या एकीनं पावाला लावून खाल्लं. हिंग आणि कढीपत्ता तेवढा नाही.

---

कोकम_सरबत

चुलीच्या वासाचं पिठलं! आता तुझं काय व्हायचं ते होवो, माझी काळजी मिटली.

---

दिवेलागण

उशिरा आले. मी पदवीच्या मुलांना जुनं मराठी शिकवते, त्यामुळे मला यात बोलायचा अधिकार आहे असं समजते.

विषय सोडू नकोस. उलट तोच ठेव.

लीळाचरित्र आपलं, तेराव्या शतकातलं, मराठीतलं. माझ्या वर्गातली पोरं जन्मापासून मराठी बोलणारी. पहिला उतारा वाचायला दिला की निम्म्यांचे चेहरे बघावेत. शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ हुलकावणी देतो. प्रत्येक ओळीला टिपा लागतात, कोश लागतो. त्या वर्गात एखादी बाहेरून मराठी शिकून आलेली मुलगी बसली, तर तिची आणि सांगलीच्या मुलाची सुरुवात जवळपास एकाच रेषेवरून होते. फरक एवढाच की तिला कोश उघडायची सवय असते, याला नसते.

तुझ्या वर्गातल्या थामोराच्या मुलीलाही जुनं कास्तेलियन, म्हणजे जुनं स्पॅनिश, पाठ येत नसणार. विसाव्या शतकातल्या कथा घेतल्यास तर तिला न शिकता कळणाऱ्या शंभर गोष्टी, गल्लीतली बोली, घरातले टोमणे, आजीची म्हण, टीव्हीवरच्या जाहिराती, तुला एकेक करून शिकाव्या लागतील, आणि त्या कुठल्याही कोशात नीट दिलेल्या नसतात. 'आधुनिक म्हणजे सोपं' हे मला पटत नाही. मध्ययुगीन संहितेला निदान तळटिपा असतात.

---

जुनाजाणता

दिवेलागण, तुमचा मुद्दा वाचायला छान आहे. पण परीक्षेत उत्तर आजच्या स्पॅनिशमध्ये लिहायचं असतं, तेही स्पॅनिश मुलांच्या बरोबरीनं. तिथे कोश काय करणार?

---

दिवेलागण

ते तर पाचही विषयांत लिहायचंच आहे, काका. त्यात या विषयाचा काय गुन्हा?

---

जुनाजाणता

हं. हे बरोबर. तरी मी माझं मत बदलत नाही, वयाचा मान म्हणून.

---

आई_अशीच

माझा मुलगा या वर्षी माद्रिदला पदवीला गेलाय, कोलेखियो मायोर म्हणतात तसल्या वसतिगृहात. तिथे नव्या मुलांना त्रास देतात असं ऐकलं, झोप उडालीय. आपल्यासारखं रॅगिंग असतं का? तो स्वतःहून काही सांगायचा नाही.

---

मीठभाकर

ताई, याला तिथे 'नोवातादा' म्हणतात. जुनी प्रथा आहे, आणि वर्गांपेक्षा वसतिगृहांतच जास्त. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये विद्यापीठांतल्या सहजीवनाचा देशव्यापी कायदा झाला. नव्यांची अप्रतिष्ठा करणारे असले प्रकार त्यात अतिगंभीर गैरवर्तनात धरले आहेत, आणि शिक्षा विद्यापीठातून ठरावीक काळ काढून टाकण्यापर्यंत जाते. मुलाला एवढंच सांगा की नाही म्हणायचा त्याला हक्क आहे आणि तक्रार करायची जागा आहे. 'त्रास होतो का' असं थेट विचारू नका, 'रात्री जेवायला कुणाबरोबर बसतोस' असं विचारा. त्यातून सगळं कळतं.

---

आई_अशीच

विचारलं. दोन कोलंबियाची मुलं आणि एक जण वलेन्सियाचा, त्याला भात नीट करता येतो म्हणे. आज झोपेन.

---

खडकवासला_एक्सप्रेस

अवांतर: कागदपत्रांचं काय झालं? मागच्या धाग्यावर अनुस्वारनं 'पोचल्यावर सांगते' म्हटलं होतं. माझ्या बहिणीला जानेवारीत जायचंय.

---

अनुस्वार

सांगते. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून महिन्याभरात ओळखपत्राच्या कार्डासाठी अर्ज करायचा असतो, त्याला 'तिए' म्हणतात. त्याआधी नगरपालिकेत जाऊन 'एम्पाद्रोनामिएन्तो', म्हणजे मी या पत्त्यावर राहते अशी नोंद. त्यासाठी भाडेकरार लागतो, म्हणून खोली घेताना करार कागदावर आहे ना, हे आधी बघायला सांग. नुसत्या तोंडी बोलीवर खोली स्वस्त मिळते आणि इथे अडते. मग 'थीता प्रेविया', आधी वेळ घेणं. तिच्याशिवाय कुठल्याही खिडकीवर कुणी बघतही नाही. मोठ्या शहरांत ही वेळ मिळेपर्यंत लोकांचा जीव जातो असं ऐकलं. वेळ मिळाली की ठरलेला फॉर्म, बँकेत भरलेल्या शुल्काची पावती, फोटो, पासपोर्ट, आणि बोटांचे ठसे. कार्ड नंतर काही आठवड्यांनी हातात येतं.

तुझी बहीण एकाच सत्रासाठी जात असेल आणि व्हिसा १८० दिवसांच्या आतला असेल, तर कार्डाची भानगड नाही. व्हिसावरच काम भागतं.

आडनावाचं आधी समजावून ठेव. फॉर्मवर दोन आडनावांच्या जागा असतात, कारण इथे प्रत्येकाला वडिलांचं एक आणि आईचं एक अशी दोन असतात. आपल्या पासपोर्टावर आडनाव एकच आणि बाबांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून आलेलं. ते पासपोर्टावर जसं आहे अगदी तसंच प्रत्येक ठिकाणी भरायचं. कुणी मदत करायच्या नादात बाबांना पहिलं आडनाव करून टाकलं, की पुढे तीन कागद एकमेकांशी जुळत नाहीत.

---

शेंगदाणा

+१. माझ्या बाबांचं नाव एका यादीत माझं आडनाव म्हणून लागलं होतं. वर्षभर प्रयोगशाळेत मला 'सुरेश' म्हणायचे. बाबा खूश होते.

---

मीठभाकर

ते राहू दे. अनुस्वार, शुक्रवार जवळ आलाय. गेलीस का तुतोरीयाला?

---

अनुस्वार

गेले. काल दुपारी.

खोली वाड्याच्या मागच्या बाजूच्या इमारतीत, अरुंद, तिन्ही भिंतींना पुस्तकं. दार उघडं होतं. मी तरी टकटक केली. बाईंनी दुसऱ्या खुर्चीवरचा परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला आणि बस म्हणाल्या. मी रात्री पाठ करून गेलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी ते संपू दिलं, मग विचारलं, वर्गात कळत नाही की वाचलेलं कळत नाही? मीठभाकर, मला वाटलं तूच आत बसलीयस.

म्हटलं, वाचलेलं कळतं, पण दोन पानांना दोन तास लागतात. त्यावर त्या म्हणाल्या की मग ठीक चाललंय, त्यांनाही विद्यार्थी असताना तेवढेच लागायचे. वर्गात जो उतारा घ्यायचा असतो तो आठवड्याच्या आधी आभासी वर्गात टाकलेला असतो. स्पॅनिश मुलं तो न वाचता येतात, असं त्या हसून म्हणाल्या. तू वाचून ये. वाचून आलीस तर माझं बोलणं तुला निम्म्यानं हळू वाटेल. शेवटी कपाटातून टिपांची एक आवृत्ती काढली, प्रकाशकाचं नाव एका कागदावर लिहून दिलं आणि ग्रंथालयात कुठल्या मजल्यावर आहे तेही सांगितलं. परीक्षेत उतारा देऊन त्यावर लिहायचं असतं, आणि परदेशी विद्यार्थ्यांना कोश चालतो.

निघताना मी त्यांना नावानं हाक मारून थँक यू म्हटलं. जमलं.

आज वाचून गेले. सत्राच्या शेवटाला लाथारियो येणार आहे, १५५४ची छापील प्रत असलेली ती भटक्या पोराची गोष्ट. ती मध्ययुगातली नाही, पण बाई पाठ्यक्रमाच्या शेवटी तिथवर नेतात. ती याच गावात सुरू होते. आंधळा म्हातारा पोराला सांगतो, पुलावरच्या दगडी बैलाला कान लाव, आत आवाज येतो, आणि कान लावताच त्याचं डोकं दगडावर आपटतो. तो बैल अजून रोमन पुलाजवळ आहे, मुंडकं नसलेला. वर्ग सुटल्यावर थामोराची मुलगी आणि मी तिथे जाऊन आलो. तिनं कान लावला. मी लांब उभी राहिले.

तर विषय ठेवलाय. काका, रागावू नका.

---

जुनाजाणता

रागावतोय कशाला. बाईंनी खुर्ची मोकळी करून दिली तिथेच निकाल लागला. आमच्या वेळी गठ्ठा मांडीवर घेऊन बसावं लागायचं.

पण अजून एक सांगतो, आणि हे वयाचा मान म्हणून नाही. त्या थामोराच्या मुलीकडून नुसतं घेत राहू नकोस. तिला काहीतरी दे. गटानं सादरीकरण करायची वेळ येईल, तेव्हा परदेशी मुलांना शेवटी उरलेल्या गटात ढकलतात. आत्ताच तिच्याबरोबर नाव लाव, आणि संदर्भ शोधायचं काम स्वतःकडे घे. बोलायचं कमी, खोदायचं जास्त. तिथे तू मागे पडणार नाहीस.

---

दिवेलागण

काकांशी पूर्ण सहमत. हे वाक्य मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, कुणीतरी वाचनखूण साठवा.

---

अनुस्वार

नाव कालच लावलं, काका. चौघींचा गट आहे, सादरीकरण नोव्हेंबरात. माझ्याकडे शब्दार्थ आणि हस्तलिखिताची माहिती. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, तिथे रात्री बारा वाजता सगळं ठरतं, कारण तेव्हा यांचं जेवण नुकतंच झालेलं असतं. माझे डोळे मिटत असतात. ऑक्टोबरच्या १२ला राष्ट्रीय सुट्टी आहे, तेव्हा झोप भरून काढणार.

---

खडकवासला_एक्सप्रेस

बहिणीचा निरोप: कुकर घेऊन यावा का? आणि मोबाइलच्या चार्जरला वेगळा प्लग लागतो का?

---

अनुस्वार

कुकर नको, इथे मिळतो. वजन वाया जाईल. आपला दोन पिनांचा चार्जर थेट बसतो, तीन पिनांचा बसत नाही, तेवढ्यापुरता एक अ‍ॅडाप्टर घे. आणि तिला सांग, जानेवारीत येत असशील तर स्वेटर नाही, चांगला कोट आण. हे गाव आठशे मीटर उंचीवर आहे, आत्ताच सकाळी वर्गाला जाताना हात खिशात घालावे लागतात.

जागा उरली तर हिंग आण. डबी नाही, डबा.